दोनच आकडे दिलेलं सुडोकू : वडगावातल्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

गल्लीतल्या मंडळानं यंदा गणपतीत मांडवाशेजारी कोड्याचा फळा लावायचं ठरवलंय. काम माझ्या गळ्यात पडलं. मी पतसंस्थेत खतावण्या लिहिते, तेव्हा आकड्यांचं सगळं मला येणार, असा बेळगावातल्या आमच्या या गल्लीचा समज आहे. पोरांची अट एकच: येणारा-जाणारा थांबला पाहिजे, आणि 'उत्तर हेच कशावरून?' असं कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. दुसरी अट माझी मीच घालून घेतली. उत्तर कुठंही न बघता आधी आपण हातानं सोडवायचं. म्हणून ही वही.

कोडं निवडलंय ते 'मिरॅकल सुडोकू'. मिचेल ली यांनी रचलेलं. २०२० च्या मे महिन्यात, सगळे घरात कोंडलेले असताना, सायमन अँथनी यांनी ते 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या यूट्यूब चॅनेलवर सोडवून दाखवलं आणि ते जगभर फिरलं. तो व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही आणि सुटेपर्यंत पाहणार नाही.

नेहमीचे नियम आहेतच: प्रत्येक ओळीत, रकान्यात आणि नऊ घरांच्या पेटीत १ ते ९ एकेकदा. त्यावर आणखी तीन. बुद्धिबळातला राजा एका चालीत जिथं जाईल तिथं तोच आकडा नको. घोडा अडीच घरांची उडी मारून जिथं पोचेल तिथंही नको. आणि शेजारच्या घरांत लागोपाठचे आकडे नकोत, म्हणजे ४ च्या शेजारी ३ किंवा ५ नाही.

दिलेले आकडे दोन. पाचव्या ओळीत तिसऱ्या घरात १, सहाव्या ओळीत सातव्या घरात २. बाकी ७९ घरं रिकामी.

साध्या सुडोकूत कमीत कमी १७ आकडे द्यावेच लागतात, त्याखाली एकच एक उत्तर मिळत नाही. हे गॅरी मॅक्ग्वायर यांच्या गटानं २०१२ मध्ये संगणकावर सगळी शक्यता चाळून दाखवलं. इथं दोन. अप्पांना कागद दाखवला. रोज सकाळी चहाबरोबर पेपरातलं सुडोकू सोडवणारा माणूस. त्यांनी कागद उलटा करून मागं बघितलं. "बाकीचं छापायचं राहिलंय काय ग?"

१५ जून, रविवार

खडेबाजारातून ग्राफ पेपर आणला. खरं तर घरात ढीग होता. अप्पा चाळीस वर्षं साड्यांच्या काठांची डिझाइनं ग्राफवर काढून जॅकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणारे, पुठ्ठे पंच करत होते. पण ते कागद मोठ्या चौकटीचे नाहीत आणि त्यांना हात लावलेला त्यांना खपत नाही.

लिहायची पद्धत ठरवली: आधी ओळ, मग रकाना. ५-३ म्हणजे पाचवी ओळ, तिसरं घर. पेट्या डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एक ते नऊ. आणि आकड्यांत आकडे मिसळायला लागले तेव्हा भाच्यानं सुचवलं, पत्त्यातली नावं घ्यायची: एक्का, दुर्री, तिर्री, चौकी. झकास सोय झाली.

पहिला धागा लगेच हाताला लागला. एक्का ५-३ ला आहे. मधल्या, म्हणजे पाचव्या पेटीत एक्का कुठं बसेल? पाचवी ओळ तर गेलीच. राजाच्या चालीनं ४-४ आणि ६-४ गेली. घोडा ४-५ आणि ६-५ ला पोचतो, तीही गेली. उरली ४-६ आणि ६-६. त्यातल्या ६-६ ला लागून ६-७ ची दुर्री बसलीय, आणि १ नि २ लागोपाठचे. म्हणून एक्का ४-६ ला. सहाव्या पेटीत मग सहावीच ओळ मोकळी. तिथं ६-७ दुर्रीचं, ६-८ तिला चिकटून. एक्का ६-९ ला. पाच मिनिटांत तीन एक्के.

त्याच जोरात दुर्री घ्यायला गेले आणि आपटले. पाचव्या पेटीत दुर्रीला घरच नाही. सहावी ओळ बाद, ५-६ राजानं खाल्लं, ५-५ घोड्यानं, ४-६ ला एक्का बसलाय, ४-५ आणि ५-४ एक्क्यांच्या शेजारी, ४-४ सुद्धा एक्क्याला लागून. सगळी नऊच्या नऊ खोडली गेली.

१७ जून, मंगळवार

तीनदा नव्या कागदावर मांडलं. तीनदा तेच. कोडं उतरवतानाच चुकलंय की काय म्हणून तपासलं, बरोबर आहे. भाचा म्हणाला, "मावशी, दुसरं घेऊ या की." त्याला चुरमुरे देऊन गप्प केलं.

१९ जून, गुरुवार

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकले. पावसाची झड, गेट पडलेलं, स्कूटरवर रेनकोटात बसून करायचं काय, म्हणून नियम आठवत बसले. शेजारची घरं. शेजारची म्हणजे कुठली?

इथंच शेण खाल्लं होतं. लागोपाठचा नियम फक्त आडव्या-उभ्या शेजाराला आहे, तिरक्याला नाही. तिरकस घर म्हणजे राजाची चाल, आणि राजाचा नियम तोच आकडा दुसऱ्यांदा येण्यापुरता. मी दोन्ही नियम एकात कालवले होते. ४-४ हे ५-३ ला फक्त कोपऱ्यानं लागतं. आमच्या वडगावात भिंतीला भिंत लागलेली घरं, तिथं भिंतीपलीकडचा तो शेजारी. चौकात कोपऱ्याला कोपरा आलेला माणूस शेजारी म्हणवत नाही.

गाडी कुठली गेली ते कळलंच नाही, मागचे हॉर्न वाजवायला लागले. घरी येऊन ओल्या हातानं लिहिलं: दुर्री ४-४. लगोलग चौथ्या पेटीत पाचवीच ओळ उरते, ५-२ एक्क्याच्या शेजारी, म्हणून ५-१.

चार दिवस वाया. अप्पांचं मत: "एक धागा चुकीच्या फणीत गेला की सगळा ताणा वाकडा दिसतो. दोष सुताला द्यायचा न्हाई."

२२ जून, रविवार

आज दिवसभर बसलो, तिघं. भाच्याला घोड्याच्या उड्या माझ्यापेक्षा भराभर दिसतात, म्हणून घोडा त्याच्याकडे, राजा माझ्याकडे, लागोपाठचं अप्पांकडे.

वरच्या तीन पेट्यांत एक्के असे आले: दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीत एक्क्याला पहिल्या दोन ओळींतच जागा उरते (४-६ च्या एक्क्यानं खालची घरं राजा आणि घोडा मिळून मारलीत, ३-९ तेवढं ६-९ च्या एक्क्याच्या रकान्यात). मग पहिल्या पेटीचा एक्का तिसऱ्या ओळीत. तिथं ३-२ घोड्यानं मेलेलं, म्हणून ३-१. खाली तसंच: सातव्या आणि नवव्या पेटीत एक्का आठव्या-नवव्या ओळीत, म्हणून आठव्या पेटीचा सातव्या ओळीत, ७-५. त्यावरून घोडा ८-७ ला पोचतो, नवव्या पेटीचा एक्का नवव्या ओळीत ढकलला जातो, आणि सातव्या पेटीचा ८-२ ला पक्का होतो.

मग गंमत अशी की एक्के दुर्र्यांना वाट दाखवायला लागले. ८-२ च्या एक्क्यानं आजूबाजूची घरं मारली आणि सातव्या ओळीत दुर्रीला एकच घर उरलं, म्हणून दुर्री ७-३, मग ८-९, मग ३-८, मग २-२. आणि ३-८ ची दुर्री आली तशी तिनं एक्क्याला २-८ मधून हुसकलं, म्हणून एक्का २-४. दोघं एकमेकांचा हात धरून चढताहेत.

संध्याकाळी सात एक्के, सात दुर्र्या. पुढं कुलूप.

राहिलेला एक्का वर १-७ किंवा १-८, खाली ९-७ किंवा ९-८. राहिलेली दुर्री वर १-५ किंवा १-६, खाली ९-५ किंवा ९-६. एक्का वर १-७ ला असेल तर दुर्री १-६ ला चालत नाही, खाली ९-७ ला असेल तर ९-६ ला नाही, एवढाच दुवा आहे. दोन सोंगट्या आहेत, कुठली आधी हलवायची ते कळत नाही. दोन्ही मांडणी सगळ्या नियमांत बसतात, निदान आत्तापर्यंतच्या.

२४ जून, मंगळवार

लाइट नाही. शेजारचे माग बंद, गल्ली एवढी शांत की झोप लागेना. काम शून्य.

२६ जून, गुरुवार

तिर्रीला हात घातला. ३ एकही दिलेला नाही, पण सात दुर्र्यांच्या शेजारची सगळी घरं तिला बंद आहेत, हा मोठा आधार. चौथ्या पेटीत ५-१, ४-४ आणि ७-३ या तीन दुर्र्यांनी मिळून तिर्रीला दोनच घरं ठेवलीत: ४-२ आणि ६-२.

इथं घरात भांडण. मी म्हटलं, ६-२ धरून बघू, अडलं की सोडू. अप्पांना हे पटत नाही. त्यांच्या लेखी धरून बघणं म्हणजे विणून मग उसवणं. पेपरातल्या सुडोकूत सुद्धा ते कधी धरून बघत नाहीत, तसंच सोडून देतात. मी म्हटलं, उसवलेलं दाखवता आलं तर तोही पुरावाच. शेवटी मी एकटीनंच केलं.

६-२ ला तिर्री धरली. मग पाचव्या पेटीत ती ५-५ किंवा ५-६. म्हणजे पाचवी ओळ भरली, आणि सहाव्या पेटीची तिर्री चौथ्या ओळीत, ४-७ किंवा ४-९. पण ४-७ दोन्हीकडून मार खातं: ५-५ वरून घोड्याचा, ५-६ वरून राजाचा. म्हणून ४-९. इथवर सरळ. पुढं दोन फाटे. ५-५ च्या फाट्यानं गेलं की खालच्या पेट्या आपोआप भरतात आणि वर तिसऱ्या पेटीत तिर्रीला घरच उरत नाही. ५-६ च्या फाट्यानं गेलं की १-४ आणि ३-३ दोन्हीकडे तिर्री येते, आणि त्या दोघांत बरोबर घोड्याची उडी. दोन्ही वाटा बंद.

म्हणून ४-२. पावणेबारा वाजले. अप्पा झोपले नव्हते. "उसवलीस?" "उसवली." "मग आता वीण."

२८ जून, शनिवार

ही नोंद सावकाश लिहिते, कारण अख्ख्या कोड्यातलं मला सगळ्यात आवडलेलं पाऊल इथं आहे.

तिर्री ४-२ ला. चौथी ओळ भरली, म्हणून सहाव्या पेटीची तिर्री पाचव्या ओळीत, म्हणून मधल्या पेटीची सहाव्या ओळीत: ६-४ किंवा ६-५. समजा ६-४. मग आठव्या पेटीत फक्त ८-६ उरतं. आता नवव्या पेटीकडे बघायचं. तिथं तिर्रीला चार घरं आहेत: ७-८, ८-७, ९-७, ९-८. आणि ८-६ वर बसलेली तिर्री चारही मारते. ८-७ एकाच ओळीत आणि चिकटून, ९-७ राजाच्या चालीवर, ७-८ आणि ९-८ घोड्याच्या दोन उड्यांवर. एक घर, चार बळी. भाच्यानं वहीवर घोडा ठेवून दोन्ही उड्या मारून दाखवल्या आणि मग बुद्धिबळाची पेटीच आणली.

म्हणून ६-५. आणि ६-५ वरून आठव्या पेटीत तिर्रीला एकच घर, ९-४.

९-४ लिहिलं आणि हात थांबला. ९-४ ला ३ म्हणजे शेजारच्या ९-५ ला २ नाही. म्हणजे दुर्री ९-६ ला. म्हणजे वरची १-५ ला. आणि ९-६ ला दुर्री म्हणजे ९-७ ला एक्का नाही, म्हणून एक्का ९-८ ला आणि वरचा १-७ ला. रविवारपासून अडकलेलं कुलूप एका तिर्रीनं खटकन उघडलं. कुलपाशी आठवडा घासाघीस केली आणि किल्ली शेजारच्याच घरात होती.

बाकीच्या तिर्र्या चहा निवायच्या आत बसल्या: १-३, ३-६, २-९, ५-८, ८-७, ७-१.

२९ जून, रविवार

सत्तावीस घरं भरली. मी एक्के लाल, दुर्र्या निळ्या, तिर्र्या हिरव्या पेन्सिलीनं रंगवल्या, डोळ्यांना बरं पडावं म्हणून. अप्पा चष्मा पुसून कागदाजवळ आले, लांब गेले, परत जवळ आले.

"अगं, हे साटीन हाय की."

साटीनच्या विणीत ताणा-बाण्याचे बांधणीचे ठिपके एकमेकांपासून लांब फेकलेले असतात, दोन ठिपके कधी चिकटत नाहीत, म्हणून तर कापड चमकतं. ग्राफवर त्याची मोजणी असते: एका ओळीतून दुसरीत जाताना ठिपका किती घरं सरकायचा. पाच ताण्यांच्या साटीनला दोन किंवा तीन, आठाच्या साटीनला तीन किंवा पाच. सहाला नेमकी मोजणी बसतच नाही. हे सगळं त्यांना तोंडपाठ. मला आज कळलं.

त्यांनी एक्क्यांचे रकाने ओळीनं वाचले: ७, ४, १, ६, ३, ९, ५, २, ८. भिंतीपलीकडचे मागवाले मामा चहाला आले होते. ते कन्नडमध्ये मोजतात, बोट कागदावर ठेवून मोजायला लागले: "मूरु, मूरु, नाल्कु, मूरु, मूरु, नाल्कु, मूरु, मूरु." डावीकडे तीन, तीन, चार, तीन, तीन, चार, तीन, तीन. काठावरून बाहेर गेलं की पलीकडच्या काठातून आत.

मग अप्पांनी जे केलं ते लिहून ठेवायलाच हवं. माळ्यावरून जॅकार्डचा एक जुना पुठ्ठा काढला, एका बाजूनं पिवळा पडलेला, सुताचा वास अजून त्यात. जिथं जुनी भोकं नव्हती तेवढा तुकडा कापला, त्यावर आमच्या ग्राफच्या मापाची घरं आखली आणि एक्क्यांच्या जागी भोकं पाडली. एकदा नाही, दोनदा, शेजारीशेजारी, अठरा रकाने. पंच अजून हातात बसतो. प्रत्येक भोकाला एक टिचकीसारखा आवाज. पुठ्ठा कागदावर ठेवला: नऊ भोकांतून नऊ लाल घरं. मग दोन घरं डावीकडे सरकवला.

नऊ भोकांतून नऊ निळी.

आणखी दोन घरं. नऊ हिरवी.

भाचा ओरडलाच. मामा "अरेरे" म्हणाले, त्यांचं ते कौतुकाचं असतं.

१ जुलै, मंगळवार

अप्पांच्या हिशेबानं कोडं संपलं. पुठ्ठा सरकवत जायचं, चौकी, पंजी, छक्की, सगळं मिळतं. मी नाही म्हटलं. तीन रंगांत नमुना दिसला म्हणून चौथ्यात दिसेलच असं कुठं लिहिलंय? मंडळाच्या फळ्यापुढं कुणी विचारलं तर 'पुठ्ठा सरकवला' असं सांगू?

"कापड असंच विणतात," ते म्हणाले.

"कापडाचं डिझाइन तुम्ही काढलेलं असतं. हे दुसऱ्या कुणी काढलंय."

दोन तास बोलणं बंद. मग मी चौक्या तर्कानं घेतल्या. ३ च्या शेजारची घरं खोडली. चौथ्या पेटीत चौकी ६-२ किंवा ६-३. सहाव्या पेटीत ४-७ किंवा ४-९. म्हणजे चौथी आणि सहावी ओळ गेली, मधल्या पेटीत चौकी पाचव्या ओळीत: ५-४ किंवा ५-६. आता ५-४ बघा: चौकी ६-२ ला असेल तर घोडा मारतो, ६-३ ला असेल तर राजा मारतो. कुठंही असो, ५-४ मेलंच. म्हणून ५-६. आणि ५-६ च्या राजानं ४-७ मारलं, म्हणून ४-९.

पुठ्ठा ठेवून पाहिला. भोक ५-६ वर होतं. ४-९ वरही.

अप्पा काही बोलले नाहीत, फक्त पुठ्ठा खिशात घातला.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी खाऊन बसलो आणि दुपारी चारला ८१ वं घर भरलं. मधली पंजी-छक्कीची वाट कंटाळवाणी होती, इथं लिहीत नाही. वेगळ्या कागदांवर आहे.

पहिली ओळ: ४ ८ ३ ७ २ ६ १ ५ ९. दर पावलाला चार मिळवत जायचं, नऊच्या वर गेलं की नऊ वजा. चार, आठ, बारा म्हणजे तीन, सात, अकरा म्हणजे दोन. नऊच्या नऊ ओळी हीच माळ, फक्त सुरुवात वेगळी. दुसरी ओळ ७ पासून, तिसरी १ पासून. म्हणूनच लागोपाठचे आकडे आडवे कधी चिकटत नाहीत: शेजाऱ्यांत फरक एक तर चारचा, नाही तर पाचचा.

रात्री तो व्हिडिओ पाहिला. पंचवीसेक मिनिटांचा. सुरुवातीला तेही आमच्या अप्पांसारखेच चक्रावतात, दोन आकडे बघून. आम्हाला बावीस दिवस लागले, त्यातले चार माझ्या मूर्खपणाचे.

९ जुलै, बुधवार

एक शंका अप्पांना छळत होती. नवाच्या साटीनची मोजणी दोन, चार, पाच किंवा सात असते. मग हा तीन-तीन-चार असा लंगडत का चालतो? सरळ चार-चार का नाही?

पतसंस्थेतून आल्यावर दोघं बसलो. सरळ तीन चालणार नाहीत हे सोपं: नवाच्या घरात तीन-तीन उड्या मारल्या की चौथ्या ओळीला पुन्हा पहिलाच रकाना येतो. ७, ४, १, आणि परत ७. म्हणून तिथं चार घ्यावेच लागतात. पण सरळ चार का नाही? करून पाहिलं: १, ५, ९, ४, ८. थांबा. दुसऱ्या ओळीत ५, चौथ्या ओळीत ४. दोन ओळी खाली, एक घर बाजूला. घोडा! चार दुणे आठ, म्हणजे नवाच्या घरात एक घर मागं. पाचाच्या मोजणीला पाच दुणे दहा, एक घर पुढं, तोच घोडा. दोनाला आणि साताला तर पुढच्याच ओळीत दोन घरांची उडी, तोही घोडा.

म्हणजे नवाची खरी साटीन, चारही मोजण्यांची, घोड्याच्या नियमाला मार खाते. हे लंगडं चालणं रचणाऱ्याची लहर नाही, नियमांनी दुसरी वाटच ठेवली नव्हती, निदान या साटीनीपैकी तरी एकीचीही नाही.

अप्पांना हे सोडवण्यापेक्षा जास्त आवडलं. "चाळीस वर्षं ग्राफ काढले, घोडा कधी आडवा आला न्हाई."

१२ जुलै, शनिवार

मंडळाच्या फळ्याचा प्रश्न. हे कोडं जसंच्या तसं लावलं तर पोरं मोबाइलवर नाव घालून उत्तर काढणार. भाच्यानं परवाच काढून दाखवलं, अर्ध्या मिनिटात.

उपाय अप्पांचा. "उलटी बाजू लाव की."

कापडाला उलटी बाजू असते, तिथं वरचा धागा खाली आणि खालचा वर दिसतो. कोड्याचंही तसं करता येतं. प्रत्येक आकडा दहातून वजा करायचा: १ चा ९, २ चा ८, ५ चा ५. राजा-घोड्याला आकडा कुठला याच्याशी देणंघेणं नाही, आणि लागोपाठचे लागोपाठच राहतात: १ नि २ चे ९ नि ८ होतात. एकही नियम मोडत नाही. शिवाय डावं-उजवं उलटं केलं, आरशातल्यासारखं. ५-३ चा एक्का गेला ५-७ ला आणि झाला ९. ६-७ ची दुर्री गेली ६-३ ला आणि झाली ८. उत्तर अजूनही एकच, कारण जुन्या कोड्याचं एकच होतं.

तीन फूट बाय तीन फूट प्लायवूड, पांढरा रंग, पेट्यांच्या रेघा जाड. आकडे दोन.

१३ जुलै, रविवार

भाच्यावर चाचणी. त्याला सांगितलं नाही की उलटवलंय. दोन आकड्यांची जागा आणि किंमत वेगळी आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. मोबाइलवरचं जुनं उत्तर बघून त्यानं खडूनं चार ओळी मजेत भरल्या. पाचव्या ओळीत ५-७ ला ८ लिहायला गेला तर तिथं आमचा ९.

मान वर करून बघितलं, आधी माझ्याकडे, मग अप्पांकडे. अप्पा पुठ्ठ्याशी चाळा करत बसलेले. आम्ही त्याला एवढंच सांगितलं की भरलेल्या चारांपैकी एक ओळ बरोबर आहे, तीन चूक. त्यानं तीन पुसायला ओलं फडकं घेतलं, पण कुठल्या तीन ते कळेना. बराच वेळ फळ्यापुढं उभा. मग ७ २ ६ १ ५ ९ ४ ८ ३ ही दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे पुटपुटली, बोटांवर दहातून वजाबाकी केली, आणि पहिली, तिसरी, चौथी पुसून टाकली.

"मावशी, ही एकटीच दोन्हीकडून सारखी कशी?"

मी सांगणार होते. अप्पांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.